दुपार टाळून बँकॉक

पुण्या-मुंबईत मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर असतो आणि शाळेच्या मैदानात उभ्या केलेल्या काठीची सावली काही क्षण दिसेनाशी होते. बँकॉक आपल्यापेक्षा दक्षिणेला, साधारण पावणेचौदा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे तिथे हा दिवस एप्रिलच्या अखेरीस येतो आणि ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा एकदा. आपल्याकडे शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते, घरोघरी सहलींचे बेत शिजतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बँकॉकचा सूर्य सरळ डोक्यावर आलेला असतो. दुपारी बारा-साडेबाराला तिथल्या राजवाड्याची उंच भिंतसुद्धा हातभर सावली देत नाही.

मोठ्या माणसांचा दौरा प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून आखला तरी निभावून जातो. बरोबर दोन-तीन वर्षांचं मूल असेल, तर मात्र सावली कुठे आणि किती वाजेपर्यंत आहे ते आधी पाहावं आणि त्यात बसतील तेवढीच ठिकाणं घ्यावीत. बँकॉकची माणसं स्वतः असंच राहतात. पहाटे भिक्षूंच्या पात्रात अन्न वाढायचं, सकाळी बाजार उरकायचा, दुपारी आडोसा धरायचा आणि ऊन कललं की पुन्हा रस्त्यावर यायचं, ते थेट रात्री उशिरापर्यंत. हे शहर उन्हाशी कसं जुळवून घेतं ते समजलं, की लहान मुलांना घेऊन ते पाहणं मुळीच अवघड नाही. उलट मुलांमुळे ते जास्त नीट पाहून होतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी मुलांच्या शरीराबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ असं आपण सहज म्हणतो. विदर्भातलं कुटुंब तर म्हणेल, आम्ही पंचेचाळीस अंश काढतो, बँकॉकच्या पस्तीस-छत्तीस अंशांचं काय! पण नागपुरात वाळ्याचा कूलर घर गार करतो आणि मुंबईत तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो. शरीराचंही तसंच आहे. घाम येण्याने अंग गार होत नाही, घाम वाळण्याने होतं. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. शरीरातलं पाणी आणि मीठ जातं आणि गारवा काही मिळत नाही. बँकॉक समुद्रापासून जवळ, नदीच्या सखल गाळाच्या मैदानावर वसलेलं शहर आहे. तिथली हवा वर्षाचा बराच काळ अशीच ओथंबलेली असते. त्यात काँक्रीट आणि डांबर दिवसभर तापून रात्री ती उष्णता बाहेर टाकतात, त्यामुळे एप्रिलमधल्या रात्रीही अंगाला विश्रांती मिळू देत नाहीत.

मोठ्यांपेक्षा मुलांचं गणित आणखी वेगळं. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं. चार वर्षांच्या मुलात ते दर किलोमागे प्रौढ माणसाच्या साधारण दीडपट भरतं. हवा त्वचेपेक्षा गार असेल तर हे फायद्याचं, कारण उष्णता लवकर बाहेर पडते. पण हवा त्वचेइतकी किंवा त्याहून गरम असेल, वरून ऊन आणि खालून तापलेली फरशी असेल, तर तीच जास्तीची त्वचा जास्त उष्णता आत घेते. शिवाय मुलांच्या घामाच्या ग्रंथी मोठ्यांच्या मानाने कमी घाम तयार करतात. आपल्या एका ढांगेला त्यांची दोन-तीन पावलं पडतात, त्यामुळे तेवढंच अंतर चालताना वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात उष्णताही जास्त निर्माण होते. मुलाचं तोंड जमिनीपासून जवळ असतं, आणि तापलेल्या रस्त्यालगतची हवा आपल्या खांद्याच्या उंचीवरच्या हवेपेक्षा अधिक गरम असते. ‘मला तर एवढं उकडत नाही’ हे आई-बाबांचं माप इथे उपयोगाचं नाही.

आणि मुलं पाणी मागत नाहीत. खेळात, नव्या गोष्टी बघण्यात ती तहान विसरतात. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट आपणच पाजायचे, मागण्याची वाट बघायची नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं. त्याला अंगावरचं किंवा बाटलीतलं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा द्यावं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने स्वतः भरपूर पाणी प्यावं. लघवीचा रंग फिकट असेल आणि ती वेळच्या वेळी होत असेल तर ठीक. डायपर बराच वेळ कोरडा राहिला, तर बेत तिथेच थांबवून आधी पाण्याकडे बघायचं.

बाबागाडीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर ओढणी किंवा पंचा टाकून चारही बाजू झाकण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि त्यामागे माया असते. पण आतली हवा कोंडते आणि बाळ बाहेरच्यापेक्षा जास्त तापमानात झोपून राहतं. वर त्याचा चेहराही आपल्याला दिसत नाही. त्यापेक्षा वरचं छत उघडावं, बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि गाडी सावलीतून न्यावी. बँकॉकचे पदपथ अरुंद, उंचसखल आणि खाण्याच्या गाड्यांनी भरलेले असतात, तेव्हा हलकी, एका हाताने मिटणारी गाडीच बरी. झोळीत किंवा कॅरिअरमध्ये छातीशी बांधलेलं बाळ सोयीचं खरं, पण दोन शरीरांची उष्णता एकमेकांना लागते. थोड्या थोड्या वेळाने त्याला मोकळं करावं लागतं.

केव्हा जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला त्यातल्या त्यात सुखाचा काळ, म्हणजे दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी. जानेवारी-फेब्रुवारीत कधी कधी हवेत धुरकं साचतं, तेव्हा दमा असलेल्या मुलांच्या आई-वडिलांनी निघण्यापूर्वी हवेची गुणवत्ता बघावी. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत कडक उन्हाळा. पुढे ऑक्टोबरपर्यंत पाऊस, बहुतेकदा दुपारनंतर धो धो कोसळणारा. पावसाळ्यातल्या सकाळी मुलांसाठी वाईट नसतात. एप्रिलमध्येच जावं लागलं तर १३ ते १५ तारखेचा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण, मुलांना मनापासून आवडेल, कारण अख्खं शहर एकमेकांवर पाणी उडवत असतं. खाओ सान आणि सीलोम रस्त्यांवरची गर्दी मात्र लहानांसाठी नाही. गल्लीबोळांत, घरांपुढे पिंप भरून बसलेल्या कुटुंबांबरोबर हा सण जास्त छान खेळता येतो.

बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासाने पुढे आहे. ऐकायला किरकोळ, पण मुलांच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं. घरी सात वाजता उठणारं मूल तिथे साडेआठला उठेल, मग न्याहारी, अंघोळ, आणि बाहेर पडेपर्यंत दहा. म्हणजे सगळी गार सकाळ खोलीतच गेली. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात झोपेची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली, तर हा तिढा सुटतो. शिवाय मुंबईहून निघणारी बरीच विमानं रात्रीची असतात आणि चार-साडेचार तासांनी पहाटे-सकाळी पोहोचवतात. त्या दिवशी काहीही बघायला जाऊ नये. नव्या उकाड्याची शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि आपली सहल तेवढ्यात संपलेली असते. निदान पहिला दिवस तरी झोप आणि पाणी यांनाच द्यावा.

आता जुनं शहर. पहिल्या रामराजाने १७८२ मध्ये चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर राजधानी वसवली, तिथेच राजवाडा, वाट फ्रा केओ आणि वाट फो ही मंदिरं आहेत. बहुतेक सहली राजवाड्यापासून सुरू होतात. मुलं पाचच्या आतली असतील तर मी वाट फो आधी घेईन. ते सकाळी आठला उघडतं, गर्दी कमी असते, आवारात झाडं आहेत, छपराच्या ओवऱ्या आहेत, आणि ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच असा पहुडलेला बुद्ध तर पूर्ण सावलीत, दालनाच्या आत आहे. एवढी मोठी मूर्ती मुलांच्या नजरेत एकदम मावत नाही. ती आधी चेहरा बघतात, मग धावत पायांकडे जातात. त्या तळव्यांवर शिंपल्याच्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं जडवलेली आहेत. मूर्तीच्या पाठीमागे भिंतीलगत १०८ कांस्यपात्रांची रांग आहे. थोडे पैसे देऊन सुटी नाणी घ्यायची आणि प्रत्येक पात्रात एकेक टाकत जायचं. किण्-किण् आवाज करत सगळी रांग पार करण्यात पोरं अशी रमतात, की त्यांना तिथून काढणं कठीण होतं. दालनात शिरताना चपला काढाव्या लागतात, म्हणून पिशवीत मोज्यांचा जोड असावा. ऊन चढल्यावर बाहेरची फरशी अनवाणी पायांना चटके देते.

राजवाड्याचं आवार साडेआठला उघडतं, दुपारी साडेतीनला तिकिटं बंद होतात. त्या विस्तीर्ण फरसबंदीवर ऊन परावर्तित होऊन डोळ्यांवर येतं, आणि सोनेरी-आरशी नक्षीमुळे ते अधिकच झळाळतं. तरीही तिथे जावं, आणि थेट वाट फ्रा केओच्या भोवतालच्या ओवरीत शिरावं. छप्पर असलेल्या या लांबलचक ओवरीच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. आपल्या मुलांना इथे काहीच परकं वाटत नाही. पांढराशुभ्र हनुमान ती लगेच ओळखतात. दशमुखी रावण तिथे तोसकान नावाने येतो आणि त्याचा रंग हिरवा असतो. गोष्ट आपल्या ओळखीची, पण वळणं निराळी. सेतू बांधताना वानरांनी टाकलेले दगड रातोरात नाहीसे होतात, कारण तोसकानची मत्स्यकन्या, सुवन्नमच्छा, आपल्या माशांकडून ते पळवून नेत असते. हनुमान पाण्यात उतरून तिचा माग काढतो आणि तिच्या प्रेमात पडतो! आजी-आजोबा बरोबर असतील, तर ही चित्रं दाखवण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवावं. तासभर सहज जातो आणि सगळा वेळ डोक्यावर छप्पर असतं. दारांवर उभे असलेले रंगीत, सुळेवाले यक्ष मात्र येता-जाता उन्हातच बघावे लागतात.

इथे खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात. ही अट जाचक वाटते, पण मुलांच्या दृष्टीने सोयीचीच आहे. सैल, लांब बाह्यांचा सुती सदरा ऊन अडवतो आणि डासही. डेंग्यूचा डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि मावळतीआधी चावतो, म्हणजे नेमका आपण बाहेर असतो तेव्हा. ‘राजवाडा आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ असं सांगणारा कुणी बाहेर भेटला, तर त्याच्या मागे न जाता सरळ दारापर्यंत जाऊन बघावं. कडेवर मूल घेऊन भर उन्हातला तो फेरा फुकट जातो.

अकरा वाजले की आवरतं घ्यायचं. नदी इथे फार उपयोगी पडते. वाट फोजवळच्या था तिएन धक्क्यावरून छोटी होडी काही मिनिटांत पलीकडे वाट अरुणला नेते, आणि एक्स्प्रेस बोटी नदीच्या लांबीने धावतात. वाऱ्याने घाम वाळतो, मुलं ताजीतवानी होतात, आणि मालवाहू पडावांची रांग ओढणाऱ्या बुटक्या टग बोटी हे त्यांच्यासाठी मंदिरांइतकंच मोठं दृश्य असतं. बोट धक्क्याला फार थोडा वेळ थांबते, म्हणून बाबागाडी आधीच मिटलेली आणि मुलाचा हात घट्ट धरलेला हवा. वाट अरुणच्या शिखराच्या पायऱ्या अतिशय उभ्या आहेत. चिमुकल्यांना घेऊन त्या चढू नयेत. खालूनच चिनी मातीच्या तुकड्यांची फुलं बघण्यात मजा आहे.

बारा ते चार हा वेळ सरळ मुलांच्या झोपेला द्यावा. हॉटेलवर परतणं शक्य नसेल, तर सनाम चाय मेट्रो स्थानकाला लागून म्युझियम सयाम आहे (सोमवारी बंद), जिथे हात लावून, खेळून थायलंडचा इतिहास कळतो. आधुनिक भागात १९९९ पासून धावणारी स्कायट्रेन आहे. सयाम ते चिट लोम या टप्प्यात तिच्या रुळांखालूनच पादचाऱ्यांसाठी उंच रस्ता जातो, म्हणजे पूर्ण सावलीतून चालता येतं आणि खालच्या रहदारीशी संबंधही येत नाही. सयाम पॅरागॉनच्या तळघरातल्या मत्स्यालयात मुलं तासन्‌तास रमतात. मॉलमधलं वातानुकूलन मात्र कडाक्याचं असतं. घामाने भिजलेली बनियन घालून मूल आत शिरलं की हुडहुडी भरते. आत जाताच कोरडी बनियन घालावी आणि एक पातळ शाल जवळ ठेवावी. घामोळ्यांवरही भिजलेले कपडे बदलणं हाच खरा उपाय.

पाचनंतर बाग. लुम्फिनी बागेतल्या तळ्याकाठी पाणघोरपडी मोकळ्या फिरतात, काही तर दोन मीटरपर्यंत लांब. आपली घोरपड वेगळ्या जातीची आणि लहान. पण तानाजीची गोष्ट ऐकलेल्या मुलांना घोरपड केवढी असू शकते हे इथे पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसतं. त्या सहसा माणसांच्या वाटेला जात नाहीत, आपणही लांबूनच बघावं, खायला घालू नये. सहा वाजता राष्ट्रगीत लागतं आणि धावणारे, व्यायाम करणारे सगळे जागच्या जागी उभे राहतात. मुलांना आधी सांगून ठेवलं, तर तीही शिस्तीत उभी राहतात आणि ते मिनिट त्यांना फार आवडतं. जवळच तंबाखू कारखान्याच्या जागेवर बेंजाकिती वनोद्यान झालं आहे. तिथल्या पाणथळीवरून जाणारा उंच मार्ग ऊन उतरल्यावर सुरेख वाटतो.

खाण्याची चिंता मराठी घरात सर्वात जास्त केली जाते आणि बँकॉकमध्ये तिचं कारण सर्वात कमी. साधा भात, थाई ऑम्लेट, केळी, कलिंगड, आणि एप्रिलमध्ये नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा. तिखट नको असेल तर ‘माय फेट’ म्हणावं. शाकाहाऱ्यांनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरातलं ‘जे’चं चिन्ह ओळखून ठेवावं, तिथे मांस-मासे नसतात, माशाचा सॉस नसतो, कांदा-लसूणही नसतो. शहाळं जागोजागी मिळतं, मात्र घामातून गेलेलं मीठ ते पुरेसं भरून काढत नाही. त्यासाठी ओआरएसच्या पुड्या घरूनच न्याव्यात.

ऊन बाधू लागल्याची खूण बहुतेक वेळा ताप नसते, स्वभाव असतो. हसतं-खेळतं मूल एकाएकी चिडचिड करतं, कडेवर घ्या म्हणून हट्ट धरतं, मलूल होतं, डोकं दुखतं किंवा मळमळतं म्हणतं. त्या वेळी रागावू नये. सावलीत किंवा गार खोलीत न्यावं, जादा कपडे काढावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा, घोट घोट पाणी द्यावं. मूल असंबद्ध बोलू लागलं, गुंगीत गेलं, अंग भाजत असलं किंवा झटका आला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तोंडाने काही पाजायचं नाही, अंगावर पाणी ओतत वारा घालत राहायचं आणि १६६९ या रुग्णसेवेच्या क्रमांकावर फोन लावायचा. भाषेची अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवावेत.

शेवटच्या दिवशी सुवर्णभूमी विमानतळावर नेहमीच्या वेळेपेक्षा तासभर आधी पोहोचावं. पासपोर्ट तपासणी ओलांडली की समोर समुद्रमंथनाचं भव्य शिल्प आहे. वासुकीला एका बाजूने देव, दुसऱ्या बाजूने राक्षस ओढतायत आणि मध्ये मंदार पर्वतावर विष्णू उभा आहे. इथे हवा गार असते, धावायला भरपूर जागा असते, आणि एवढ्या दिवसांत उन्हाच्या वेळा सांभाळून बघितलेल्या मंदिरांनंतर हे शिल्प मुलांना हवं तितका वेळ बघू देता येतं.